भरवशाची पिकप

माहूज, मनामा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७

प्रिय इलियास,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू विचारलंस एवढंच, की लहू, तुझं निम्मं आयुष्य पिकपमध्ये गेलं, तर डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी गाडी कोणती ते सांग. एरवी मी त्याच दिवशी चार पानं लिहून टाकली असती. ह्या वेळी रोज कागद पुढे घेतला आणि रोज उचलून ठेवला. का, ते पुढे येईलच. आधी गाड्यांचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

सुरुवात आपल्या पिवळ्या डॅटसनपासून. अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल. मीना सलमानच्या वर्कशॉपमध्ये आपण दोघं एसी दुरुस्तीला लागलो तेव्हाच ती म्हातारी झाली होती. खाऱ्या हवेनं तिचा तळ इतका खाल्ला होता की तुझ्या पायाखालून पळता रस्ता दिसायचा. पण इंजिनानं कधी दगा दिला नाही. एक्क्याण्णवच्या युद्धातली ती संध्याकाळ तुला आठवत असेल. हौद्यात जुफैरच्या गिऱ्हाइकाचा एसी, आणि भोंगा सुरू झाला. आपल्याकडे मास्क नव्हते. पाण्याच्या कॅनमध्ये टॉवेल बुडवून आपण नाकाला बांधले. तू कलमा पढत होतास, मी नमो तस्स म्हणत होतो, आणि दोघांचं एकदमच संपलं. तू म्हणालास, ‘आता दोन्हीकडून अर्ज गेलाय, यल्ला, काढ गाडी.’ मी चावी फिरवली आणि पहिल्या झटक्याला ती सुरू झाली. घाबरलो होतो तरी मी हसत होतो. इलियास, ती भीती बरी होती. तिचा भोंगा वाजायचा, ती सगळ्या गावाला एकदम वाटायची, आणि धोका टळल्याचा भोंगा झाला की आपण चहा प्यायचो.

मग आली इसुझू, डिझेलची. दीड टन माल घातला तरी हूं की चूं नाही, पण आवाज असा की शेजारी बसलेल्याशी भांडायचं असेल तरच बोलावं. तू चौऱ्याण्णवला कायमचा घरी गेलास तेव्हा तुझं सामान तिच्यातूनच विमानतळावर नेलं. आणि पंच्याण्णवपासून माझ्या हाती आहे ती पांढरी हायलक्स. सेकंडहँड घेतली कंपनीनं. आज तिचे तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत. ह्या दोन वर्षांत एक क्लच प्लेट, एक रेडिएटर, बाकी नुसतं वेळेवर तेल आणि दर शुक्रवारी खालून गोड्या पाण्यानं धुणं. उन्हाळ्यात स्टिअरिंगला हात लावला तर फोड येतील अशा उन्हात दिवसभर उभी राहते आणि चावी फिरवली की लगेच उठते. माझ्या मते हीच. पण तिकडे ती तुला कुठे मिळणार? तेव्हा जिचे पार्ट खेडला मिळतील अशी घे. बघायला जाशील तेव्हा स्प्रिंगचे पाटे आणि चासी खालून झोपून बघ, वरच्या रंगाला भुलू नकोस. आणि इंजिन थंड असताना सुरू करायला लाव. विकणारा आधीच गरम करून ठेवतो.

गाडीचं उत्तर झालं. आता चालवणाऱ्याचं.

ह्याच्या आधीच्या पत्रात तू लिहिलं होतंस, गाडी मी घेतो, लहू तू ये आणि चालव. बागेतल्या आंब्याच्या पेट्या, जांभ्याचे चिरे, आणि रोज सकाळी बाणकोटकडची दहा-बारा मुलं मंडणगडच्या हायस्कुलात सोडायची, त्यात तुझी सुहा. मी उलट टपाली ‘येतो’ म्हणून कळवलं. रंभानं तर गावी न्यायच्या सामानाची यादीसुद्धा करायला घेतली. ते ‘येतो’ लिहिताना मला एक गोष्ट ठाऊक होती. ती मी तुझ्यापासून लपवली.

जुलैत एकदा मी सित्र्याला निघालो होतो. वळणाच्या आधी तोंडात लोखंडाची चव आली, जुना खिळा चघळावा तशी, आणि वायर जळल्याचा वास. मला वाटलं, गाडीतलंच काही जळतंय. पुढचं मला आठवतं ते वळण मागे पडलेलं, आणि मागचे लोक हॉर्न वाजवतायत. मधला तुकडाच नाही. कॅसेट मध्येच पुसली जावी तसा. मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, एकेक वायर हुंगून बघितली. काही नव्हतं. ऊन लागलं असेल म्हणून मी डोक्यावर पाणी ओतलं आणि कामाला गेलो.

मग गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, ईसा टाउनला काम होतं म्हणून येताना स्मिताला शाळेतून घेतलं. आठ वर्षांची झाली आता. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, असं आमचं चालतं. गाडीत माझ्याशेजारी बसायचं आणि घराखाली आलो की इंजिन बंद करायचं, हे काम तिचं. त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या गाडीतून यायला ती तयार नसायची. त्या दिवशी मला तिची गणिताची वही आठवते, माहूजच्या अलीकडचं सर्कल आठवतं, आणि तोंडात तीच चव. मग मी डोळे उघडले म्हणू का? डोळे उघडेच होते. गाडी फुटपाथवर चढली होती. पुढे एका दुकानाची भिंत, हात लांब केला असता तर लागली असती. इंजिन बंद होतं. चावीवर स्मिताचा हात होता, दोन्ही हात, आणि ती रडत नव्हती. दुकानातून एक म्हातारे अरब गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत आले. ‘ताबान?’ म्हणून विचारलं, दमलास का. मी म्हटलं, मफी मुश्किल, खलास, काही त्रास नाही, झालं. म्हणजे खोटंच बोललो. स्मिता म्हणाली, ‘पपा, आय कॉल्ड यू सो मेनी टाइम्स. यू वेअर लुकिंग अॅट मी. यू वेअर नॉट देअर.’

आणि मी काय केलं असेल? मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि सांगितलं, मम्मीला सांगायचं नाही. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, मम्मी घाबरेल. तिनं मान हलवली. त्या दिवशी घराखाली आल्यावर तिनं चावीला हात लावला नाही.

त्यानंतर ती पिकपमध्ये बसायचीच बंद झाली. दवाखान्यात जायचं असो, बाजारात जायचं असो, जिन्यात उभी राहते, कठडा धरून. रंभाला वाटलं, वर्गातल्या मुलींचे बाप चकचकीत कारमधून येतात म्हणून हिला पिकपची लाज वाटायला लागली. मागच्या शुक्रवारी विहारातल्या कार्यक्रमाला निघताना रंभानं तिला दंडाला धरून ओढलं. ‘बापाच्या गाडीची लाज वाटते तुला? ह्या गाडीनं तुला शाळा दाखवली.’ स्मितानं माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून वाट बघत होती. मी बूट घालत होतो. बुटाची नाडी मी किती वेळ बांधत होतो, मला माहीत आहे. शेवटी पोरगीनं मार खाल्ला, पण सांगितलं नाही. मीच सांगू नको म्हटलं होतं ना.

तरी मी गाडी चालवत राहिलो, इलियास. एकट्यानं. काचा खाली, तोंडात लवंग, आणि रस्त्याकडेचे विजेचे खांब मोठ्यानं मोजत. सिग्नलला थांबलो की स्वतःचं नाव आणि पासपोर्टचा नंबर म्हणायचो, म्हणजे आपण आहोत ह्याची खात्री. सकाळी दात घासताना पेस्टची चव कशी लागते तेही तपासायचो. काही चव लागली नाही तर भीती, लागली तरी भीती. डॉक्टरकडे गेलो आणि त्यानं कागदावर लिहिलं तर लायसन्स जाईल. लायसन्स गेलं तर कंपनीला माझा उपयोग काय? मग व्हिसा. मग स्मिताची शाळा. ही सगळी साखळी मी रोज स्टिअरिंगमागे बसून मनात ओढत होतो. आणि खरी भीती ह्या सगळ्याच्या खाली होती, तिच्याकडे मी बघतच नव्हतो.

परवा बुधवारी ती समोर आली. वर्कशॉपच्या अंगणात मी हायलक्स मागे घेत होतो. मागे तुझा भाऊ हुसेन उभा राहून हात दाखवत होता, ‘येऊ दे, येऊ दे’. तोंडात लोखंड आलं. मी ब्रेककडे पाय नेला, एवढं मला आठवतं. भानावर आलो तेव्हा गाडी बंद पडलेली आणि आरशात हुसेनचा चेहरा एवढा मोठा. त्याच्या पाठीशी भिंत होती. गाडीत आणि त्याच्या पोटात दोन वितींचं अंतर. क्लचवरून पाय सुटून गाडी बंद पडली म्हणून, नाहीतर… तो हसत होता. ‘काय लहूभाऊ, मारतोस काय?’ त्याला मस्करी वाटली. मीही हसलो.

तुझ्या धाकट्या भावाला तू माझ्या भरवशावर इथे ठेवून गेलास. तू विमानतळावर माझा हात धरून म्हणालास, ‘हुसेनकडे बघ.’ मी बघत होतो, आरशातून, आणि मला तो दिसत नव्हता. हुसेनला ह्यातलं काही माहीत नाही. तू हवं तर सांग, नको असेल तर मी सांगतो, पण त्याला कळायला हवं.

काल सकाळी मी हायलक्सची चावी फोरमनच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी आजपासून गाडी चालवणार नाही. त्यानं कारण विचारलं. मी पाठ दुखते म्हणालो. अजूनही खोटंच. उद्या सकाळी दहा वाजता सरकारी दवाखान्यात जायचं आहे, तिथे खरं सांगणार आहे. तेव्हा तू पिकप जरूर घे, पण चालवायला दुसरा माणूस बघ. सुहाला आणि त्या पोरांना माझ्या हाती देऊ नकोस. मी घरी आलोच तर तुझ्या गाडीचं इंजिन बघेन, तेल बदलेन, खाली झोपून पाटे तपासेन. स्टिअरिंगमागे बसणार नाही.

हे सगळं तुला कळवायला पाच ओळी पुरल्या असत्या. इतकं लांबलं, कारण हे पत्र तुझ्याआधी दुसरंच कुणी वाचणार आहे. मी गावाला पाठवायचं प्रत्येक पत्र रंभा पाकीट चिकटवण्याआधी वाचते आणि खाली नसीमाभाभींसाठी दोन ओळी लिहिते. ह्या आठवड्यात तीन वेळा मी तिच्यासमोर बसलो आणि तीन वेळा पाणी पिऊन उठलो. तोंड उघडतच नाही. म्हणून हे टेबलावर उघडं ठेवून मी स्मिताला घेऊन पायी समुद्राकडे जातोय. रंभा, इथपर्यंत आली असशील तर आधी बसून घे. पोरगीला गाडीची लाज वाटत नव्हती. तिला माझी भीती वाटत होती, आणि तिनं ती माझ्या सांगण्यावरून एकटीनं सांभाळली. आम्ही परत आलो की मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी तिला जवळ घे, आणि सांग की आता तुला सगळं ठाऊक आहे. उद्या दवाखान्यात माझ्याबरोबर ये. आपण बसनं जाऊ. मला एकट्याला फार भीती वाटते.

नसीमाभाभींना आमचा नमस्कार, सुहाला आशीर्वाद.

तुझाच,
लहू