गल्लीनं ऐकलेली कॅसेट

विटा,
शनिवार, १० फेब्रुवारी १९७९

प्रिय अर्जुना,

हे पत्र एकट्यानं वाच. तिकडं मद्रासला सोनं गाळायच्या भट्टीवरच्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला अक्षर लावायला वेळ लागतो हे ठाऊक आहे, म्हणून मोठं आणि सुटं लिहितोय. चार ठिकाणी अडलास तरी चालेल, पण दुसऱ्याच्या तोंडून हे तुझ्या कानावर जायला नको. एकदा तसं झालंय, आणि त्यातनं काय निपजलं तेच सांगायला बसलोय.

तुझ्याकडनं गावी आलेल्या हिंदुरावाबरोबर पाठवलेली तुझी कॅसेट पोचली. तू ती मुक्तावहिनींसाठी भरलीस. ऐकली मात्र अख्ख्या गल्लीनं, आणि तीही मी चालवतो त्या भाड्याच्या गाडीत.

तू म्हणशील, टेपरेकॉर्डर तर मी घरात ठेवून आलो होतो, गाडीचा काय संबंध? दिवाळीला तू तो मद्रासवरून आणलास, पहिली कॅसेट इथंच ओट्यावर बसून भरलीस आणि म्हणालास, आईला करमलं नाही की लावा. पण तुझ्या आईला, आमच्या मावशींना, कानानं किती कमी येतं हे तुला कुठं कळणार? तू वर्षातनं पंधरा दिवस येणार. त्या डबीतला आवाज त्यांना चिलटाएवढा. कान टेकवून बसायच्या आणि वहिनींना विचारायच्या, 'काय म्हणतंय गं?' तेव्हा वहिनी एकदा मला म्हणाल्या, 'भावजी, तुमच्या गाडीतला रेडिओ केवढ्यानं बोलतो. ह्यांचा आवाज त्यातनं काढता येत न्हाई व्हय?' ते माझ्या डोक्यात बसलं. तारा जोडायची हौस मला फौजेपासूनची. सांगलीचं भाडं मिळालं त्या दिवशी भाऊसो रेडिओवाल्याच्या दुकानात दोन तास बसलो. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, तुझा रेकॉर्डर सहाचा. सरळ जोडला असता तर धूर निघाला असता, म्हणून भाऊसोनं मधे एक रेझिस्टन्स घालून दिला. कानाला लावायच्या इअरफोनचं जे भोक असतं, त्यातनं तार काढून रेडिओच्या पोटात नेली आणि कथलाचा डाग दिला. गाडीमालक लालासाहेबांनी लग्नाच्या भाड्यांसाठी मागच्या सीटच्या पाठीशी दोन मोठे स्पीकर बसवून घेतलेत, त्यातनं तुझा आवाज निघाला. मावशी दचकल्या आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. 'माज्या पाठीमागं बसल्यागत बोलतंय की!'

तेव्हापासून गाडी गावाबाहेर पडली की वहिनी मागं मावशींना धरून बसायच्या, मांडीवर रेकॉर्डर, आणि तासगाव येईपर्यंत तू बोलत असायचास. आपण दोघं आप्पासोच्या विहिरीत पडलो ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! तुझा खोकलासुद्धा आता मला पाठ झालाय.

संक्रांतीच्या आदल्या सांजेला हिंदुराव गावात उतरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कॅसेट घेऊन तुझ्या घरी आला. तिळगूळ द्यायला गल्लीतल्या बाया जमल्याच होत्या. मावशींनी मला हाक मारली, 'गाडी हितं दारात आण रं सोपाना. माजं पोरगं समद्यांस्नी ऐकू दे.' मी चारी दारं उघडून गाडी उभी केली. वहिनी रेकॉर्डर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या, कारण तार गाडीबाहेर पुरत नाही. मी स्टिअरिंगपाशी. मावशींसाठी खुर्ची टाकली. पहिली बाजू लागली. तू एकेकाचं नाव घेऊन विचारलंस. अंबूबाईच्या म्हशीचं, धुळाच्या मेंढरांचं. धुळा तर टोपी काढून रेडिओलाच रामराम करायला लागला. लय हसलो आम्ही. अर्जुना, मला ती दुपार तिथंच थांबवता आली असती तर!

पहिली बाजू संपली. मी कॅसेट काढली तर उलट्या अंगाला तुझ्या वाकड्या अक्षरात 'मुक्ता' लिहिलेलं. मी म्हणालो, 'वहिनी, ही बाजू तुमची आहे. घरात ऐका.' बाया ओरडायला लागल्या, 'लावा, लावा! आमी काय कुणी परकं हाय?' वहिनी लाजल्या आणि हसून म्हणाल्या, 'लावा की भावजी. मला काय लपवायचं हाय?' हे तिचं वाक्य नीट ध्यानात ठेव. ज्या बाईच्या पोटात काही असतं ती असं म्हणत नाही. मी कॅसेट लावली.

सुरुवातीला भट्टीच्या फुंकणीचा घरघराट आला. मग तू खाकरलास. पुढचं तुला ठाऊक आहे, पण ते इथं कसं ऐकू आलं ते ठाऊक नाही, म्हणून लिहितो. 'मुक्ता, दर गुरुवारी कुठं जातीस तू? मला हितं लोक सांगत्यात. सोपानच्या गाडीत बसून मिरजंला हिंडतीस म्हणं. आईला संगं घेतीस ते लोकांच्या डोळ्यात धूळ टाकायला व्हय? भाऊ म्हटलं मी त्याला. त्या गाडीत परत पाय ठिवलास तर माज्या घरात पाय ठिवू नगंस.'

त्या स्पीकरातनं एवढ्या मोठ्यानं आलं ते, की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. माझा हात रेडिओच्या बटणाकडे गेला. वहिनींनी माझ्याकडे न बघता म्हटलं, 'हात काढा. आता ऐकू द्या समद्यास्नी.' ताठ बसल्या होत्या, मांडीवर तुझा रेकॉर्डर धरून. तू तीन वेळा तेच तेच बोललास. मग नुसता घरघराट राहिला, तोही त्यांनी संपेपर्यंत ऐकला.  अंबूबाईच्या हातातला तिळगूळ तसाच. हिंदुराव केव्हा निसटला मला कळलं नाही. तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही.

मी मावशींकडे बघितलं. सगळं खरं त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य बोलल्या असत्या तर गल्ली गप झाली असती. पण त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसल्या. मीही बोललो नाही, कारण मला शपथ घातली होती. वहिनींनी कॅसेट काढली, तार उपसली, खाली उतरल्या आणि घरात गेल्या. त्यांच्या पाठीमागं बायांची कुजबुज सुरू झाली. त्याच बाया, ज्यांना घटकेपूर्वी म्हशीची चौकशी गोड वाटली होती.

आता शपथ मोडतो. ती घालणारीनंच काल मोडायला सांगितली.

तू दिवाळी करून गेलास आणि पंधरा दिवसांनी मावशींना अंघोळ घालताना वहिनींना त्यांच्या छातीत गाठ दिसली. सुपारीएवढी, दगडासारखी. मावशी दोन वर्षं ती पदराखाली घेऊन हिंडत होत्या. विट्याच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं. तिथं तपासून सांगितलं, दर गुरुवारी सुई, सोळा सुया, एकही चुकवायची नाही, मग ऑपरेशनचं बघू. आजाराचं नाव मी लिहीत नाही. तू समजशील. मावशींनी आम्हा दोघांचे हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, पोराला कळवायचं नाही. त्याचं दुकान आत्ता कुठं उभं राहतंय, टाकून येईल. आणि दुसरी गोष्ट त्यांची लाज. असल्या जागेचं दुखणं गल्लीला कळणं त्यांना मरणापेक्षा वाईट वाटत होतं. म्हणून त्या दिवशी गप्प बसल्या.

तर ती मिरजेची हिंडणी अशी होती. सुई झाली की परतीच्या वाटेवर मावशींना उलट्या व्हायच्या. मी गाडी थांबवायचा, वहिनी एका हातानं त्यांचं कपाळ धरायच्या आणि दुसऱ्यानं रेकॉर्डर सांभाळायच्या, तुझा आवाज बंद पडू नये म्हणून. तुझ्या आवाजावर म्हातारी घरापर्यंत तग धरायची. सात गुरुवार असे गेले.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मी गाडी घेऊन गेलो. वहिनींनी दारातनंच सांगितलं, 'भावजी, गाडी न्या. मी ह्या घरात हाय तवर त्या गाडीत बसणार न्हाई.' दोन गुरुवार त्यांनी मावशींना एसटीनं नेलं. विट्याला गाडी बदलायची, उभ्यानं जायचं. दुसऱ्या खेपेला मावशी तासगावच्या स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. त्यानंतर त्यांनी जाणंच सोडलं. नऊ सुया झाल्या, दोन चुकल्या. वहिनी पाया पडल्या तरी ऐकेनात. रोज पाण्याला गेलं की बायांचे टोमणे, घरी आलं की अंथरुणावर तोंड फिरवून पडलेली सासू. तरी तुझ्या मुक्तानं कुणापाशी तोंड उघडलं नाही. शपथ होती ना.

मी काय करत होतो? विट्याच्या स्टँडवर गाडी लावून भाडी बघत होतो. रात्रंदिवस तुझ्यावर दात खात होतो. माझी शालू बाळंतपणात गेली तेव्हा तू दुकानाला कुलूप लावून आलास, तेरा दिवस माझ्या ओट्यावर झोपलास. तोच तू असं कसं बोललास, हे मला उलगडत नव्हतं. चार वेळा तुला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

काल दुपारी मावशी आल्या. काठी टेकत, धुळाला सोबत घेऊन, भर उन्हात विट्याच्या स्टँडवर. गाडीचं दार स्वतः उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, 'सोपाना, माज्या लाजंपायी पोरीचं तोंड काळं झालं. मला ने मिरजंला, आणि माज्या पोराला समदं लिही. काय सुदिक ठिवू नगंस.' गुरुवारी नेतो म्हणून सांगून घरी परत सोडलं, तर त्यांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून अंबूबाईला हाक मारली आणि चारचौघींसमोर आपलं दुखणं नाव घेऊन सांगितलं. मी गाडीपाशी उभा होतो. वहिनी उंबऱ्यात होत्या. त्या तिथंच खाली बसल्या आणि महिन्यानं पहिल्यांदा रडल्या.

मावशींना ठाऊक होतं ते सगळं लिहून झालं. पण त्या 'समदं लिही' म्हणाल्या, आणि त्यांना ठाऊक नसलेलं एक उरलंय. त्यासाठीच हे पत्र पाचव्यांदा लिहायला घेतलं, आणि फाडणार नाही. कॅसेटवर नाव वाचूनसुद्धा मी ती का लावली? बायांच्या आग्रहाला मी ऐकलं नसतं. मला ऐकायचं होतं, तू तिच्याशी एकांतात कसा बोलतोस ते. सात गुरुवार गाडीच्या आरशात तिचा हात तुझ्या आईच्या कपाळावर बघत होतो, आणि कधी ते मलाच कळलं नाही, पण मी रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघायला लागलो. तोंडानं वहिनीच म्हणत आलो. मनातनं तो शब्द सुटला होता. तिला याचा वाससुद्धा नाही, आणि तो तू कधी लागू देऊ नकोस. तू जे म्हणालास त्यातला माझ्या वाट्याचा भाग खरा होता, म्हणून त्या दिवशी मला तुला शिव्या देता आल्या नाहीत. तिच्या वाट्याचा सगळा खोटा. लालासाहेबांना मी दुसरा ड्रायव्हर बघायला सांगितलंय. एक मार्चपासून साताऱ्याला एका वकिलांच्या गाडीवर लागतोय. येत्या गुरुवारी आणि त्याच्या पुढच्या, बावीस तारखेला, मावशींना मीच नेणार. वहिनी गाडीत बसणार नाहीत. 'बस' असं तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय नाहीच, असं म्हणाल्या. त्या पहिल्या एसटीनं पुढं जाणार आणि साडेनऊला मिरजेच्या स्टँडवर उतरणार. मी दहाला मावशींना दवाखान्याच्या दारात सोडून गाडी तिथंच ठेवीन, किल्ली मावशींकडे देईन आणि सांगलीला निघून जाईन. परतीला गाडी चालवायला भाऊसो येईल. मद्रासवरून बंगळूरला ये, तिथनं येणारी रेल्वे सकाळी मिरजेत येते. बावीस तारखेला तीतनं उतर. माझी वाट बघू नकोस, दवाखान्यातही आधी जाऊ नकोस. स्टँडवर जा. ती एसटीतनं उतरेल तेव्हा तिथं उभा राहा, आणि जे गल्लीसमोर बोललास ते स्टँडवरच्या चार माणसांसमोर मागं घे.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
सोपान