रेडवूडचा उन्हाळा

९ मार्च २००८, रविवार

टोकं पुन्हा तपकिरी! खालच्या दोन फांद्यांची. काल नव्हती. मी रोज बघते, चुकणार नाही.

सकाळी कुंडी पडवीतून उचलून मोरीमागच्या भिंतीशी नेली. तिथे दहापर्यंत सावली असते. मग पुढे, मग परत पडवीत. दिवसातून चार वेळा. शाळेत शिकवायला जायचं असतं तेव्हा आईला सांगून जाते. भावेशदादा म्हणतो, "तान्ह्या पोराला पण कोण एवढा फिरवत नाय."

त्यानेच तर हे झाड आणलं! तो ज्या गोदामात सुपरवायझर आहे तिथे परदेशी भेटवस्तूंचं एक खोकं फुटून आलं. त्यातला फेकून द्यायचा डबा. वर आभाळाला टेकलेल्या झाडाचं चित्र, आत चिमूटभर बिया. तीस पेरल्या, सात उगवल्या, दीड वर्षात एक उरला. रेडवूड. सव्वा फूट उंच. त्याच्या देशात तो दोन हजार वर्षं जगतो म्हणे, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात. आमच्या दापोड्यात धुकं कुठलं? कंटेनर गेले की उडते ती धूळ.

१२ मार्च

एक मे यायला अजून पन्नास दिवस.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेतलं हसणं अजून कानात आहे. गोदामांच्या रस्त्यासाठी आंब्याची झाडं तोडली, तिथे दोन्ही बाजूंना नवी लावू या — एवढंच तर म्हणाले होते! अर्ज टाइप करून नेला होता. सरपंच लडकूकाका म्हणाले, "मृणाली, तू आपल्या घरातली पहिली बीएस्सी, मान्य. आदी तुझा परदेशी पाव्हणा उन्हाळा काढू दे. एक मेला कुंडी घेऊन सभेत ये. हिरवी असली तर रस्त्याची एक बाजू तुझी." सगळे हसले. पण ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं. मी उभी राहून लिहून घेतलं की नाही ते बघितलं.

आता माघार नाही.

२० मार्च

फार दमले. नारपोलीच्या शाळेत वर्गाच्या भिंतीला लागून कापडाचे लूम चालतात. ओरडून शिकवायचं. घरी येईपर्यंत आवाज संपलेला असतो. झाडाशी बोलायला आवाज लागत नाही, हे एक बरं.

२६ मार्च

मी सगळं बरोबर करते आहे. मग का?

सायबर कॅफेतून छापून आणलेली पानं आज पुन्हा वाचली. माती आम्लधर्मी हवी — पालापाचोळा घातला. हवेत ओलावा हवा — गोणपाट भिजवून भोवती लावलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो नको. म्हणून फेब्रुवारीपासून फक्त आपल्या नव्या बोरिंगचं. जमिनीतलं, स्वच्छ. अर्धी बादली सकाळी, अर्धी संध्याकाळी. एकही दिवस चुकवला नाही. तापातसुद्धा.

बाबा जेवताना म्हणाले, "एवढी सेवा देवाची केली असतीस तर..." मग उठून गोणपाट भिजवून आले. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटतं.

४ एप्रिल

चाळीसच्या वर पारा! मधल्या फांद्याही गेल्या. शेंडा तेवढा हिरवा.

दादाने ओळखीने कुंडी वडप्याच्या औषधांच्या गोदामात नेली. तिथे एक एसी खोली आहे. दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला. "ये पेड़ का चालान किधर है?" दादा काय सांगणार! टेम्पोत घालून परत आणली.

११ एप्रिल

आज मी जे बोलले ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण इथे खोटं लिहायचं तर मग वही कशाला?

शाळा लवकर सुटली. आले तर आई कुंडीशी वाकलेली. हातात टोप. सुक्या मावऱ्याचं धुवण! बोंबील-सुकट धुतलेलं पाणी! आई ते अळवाला घालते, शेवग्याला घालते. आज माझ्या झाडाला.

"आई! हे काय?"

"जरा ताकद यंल त्याला. सुकतंय बग कसा."

"किती दिवस घालतेस?"

"आज दुसऱ्यांदा."

मग माझा तोल गेला. मीठ! सुक्या मासळीत मीठ असतं, मिठाने मुळं जळतात, दोन महिने मी मरमर मरतेय आणि तू — आणि मग तो शब्द. अडाणी. आईला. अंगणात. शेजारची राहीबाई बघत होती.

आई टोप घेऊन आत गेली. मी बोरिंगच्या दहा बादल्या ओतून माती धुऊन काढली.

१२ एप्रिल

आईने माझी पुस्तकं झाडण्याआधी विचारलं, "हात लावू का?"

१९ एप्रिल

शेंडा वाकला. पाणी दुप्पट केलं आहे. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक.

आई कुंडीच्या लांबून जाते.

२७ एप्रिल

नखाने खोड खरवडलं. आत हिरवं असतं ना, तसं नाही. वर खरवडलं, खाली खरवडलं. मुळाशी खरवडलं. सगळीकडे काथ्यासारखं कोरडं.

रडू आलं नाही. नुसती झोप येते आहे.

१ मे

ग्रामसभेला गेले नाही. मेलेली काडी घेऊन कशाला जायचं? पडून राहिले.

पण आई गेली! कुणाला न सांगता, लुगडं बदलून. जी बाई आजवर सभेत मागे बसूनसुद्धा बोलली नाही. दादाने येऊन सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

लडकूकाकांनी विचारलं, मृणालीचा पाव्हणा कुठंय? तेव्हा आई उभी राहिली. "झार मेला. माज्या हातून मेला. मी मावऱ्याचं धुवण घातला. पोरीची चूक न्हाय. तिला रस्ता द्या."

मग राहीबाई बोलली, "आमी पण अलवाला तेच घालतो गो, जानके."

लडकूकाका म्हणाले, "मग जानकीवहिनी, नव्या झारांना पण धुवणच घालशील काय?"

आई म्हणाली, "घालीन. तू मावरा आणून दे."

सभा एवढी हसली म्हणे की काकांना खाली बसावं लागलं. आणि बसल्याबसल्याच त्यांनी ग्रामसेवकांना सांगितलं — एक बाजू पोरीला लिवा.

मिळाली! रस्त्याची एक बाजू मिळाली. आणि मी आईच्या समोर जाऊ शकत नाही.

६ मे

रस्त्यावर लावायचं तर आधी नीट कळायला हवं, म्हणून कुंडीतली माती आणि बाटलीत बोरिंगचं पाणी घेऊन माझ्या जुन्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी माझ्यासमोर तपासलं.

"धुवण दोनदाच पडलं म्हणतेस?"

हो म्हटलं.

"दोन टोपांनी एवढं मीठ साठत नाही, मृणाली. हे रोजचं आहे." मग त्यांनी बाटली पुढे सरकवली. "हे पाणी तू चाखून पाहिलंस कधी?"

नाही. बघितलं होतं. स्वच्छ दिसत होतं. तीन महिने, दोन वेळा, स्वतःच्या हाताने. धुवण पडलं तेव्हा त्यावर आणखी दहा बादल्या. मग दुप्पट.

बसमध्ये सगळा वेळ बाटली मांडीवर धरून होते. आईला कसं सांगू?

७ मे

सांगितलं. आई सुकट निवडत होती, मान वर केली नाही.

"माहीत हाय. खाडीकाठची जमीन आपली, बोरिंगचा पानी खारा. आख्ख्या गावाला माहीत हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकलेली. मना वाटला, पुस्तकात तसाच असंल."