नऊ पॉइंट आठ

मंगळवार, संध्याकाळ, पनवेल

शाहीनवर आज ओरडले. उगाच? नाही, कारण होतं. ही माझीच विद्यार्थिनी. लॉकडाऊनमध्ये पहिलं वर्ष घरी बसून झालं तिचं. यंदा आमच्याच कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिकवायला लागली, उलव्याहून येते. आज तिच्या प्रॅक्टिकलला डोकावले तर ब्युरेटच्या मापाच्या काचनळ्या कपाटात, आणि पोरं फळ्यावरचं रीडिंग जर्नलात उतरवतायत. नऊ पॉइंट आठ. सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ!

"अगं, प्रॅक्टिकल असं घेतात का?" पोरांसमोरच बोलले. तिथे चुकलं माझं.

नंतर स्टाफरूममध्ये आली. रडली नाही, तेच जास्त लागलं.

"मॅडम, ब्युरेट माझ्या हातात कधी आलीच नाही. पहिलं वर्ष मोबाईलवर. पुढे ग्रुपमध्ये दुसऱ्या मुली करायच्या, मी नुसती आकडे लिहायचे. मला येतं असंच सगळ्यांनी धरलं."

"पण तुझं जर्नल पूर्ण होतं! मीच सही केली होती."

"हो मॅडम. रीडिंगही तेव्हा तुम्हीच व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलं होतं. तेच आज फळ्यावर लिहिलं."

उद्या सकाळी आठला ये, शिकवते म्हटलं. तिला बरं वाटलं. मला नाही.

कारण ते नऊ पॉइंट आठ मी तरी कुठे मोजलं होतं? लॅबला कुलूप होतं. घरात एका जुन्या विद्यार्थ्याचं जर्नल पडलं होतं, त्यातून उतरवलं. हे तिला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं मी.