चौतीस बिघाडांचे खरे कारण कळविण्याबाबत

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
चिंचखोरी व सहा गावे संयुक्त पाणीपुरवठा योजना,
योजना कार्यालय, वडवणी, जि. बीड.

अर्जदार : बद्रीनाथ आसाराम तिडके, पंपचालक, चिंचखोरी पंपगृह.

विषय : बिघाडाचे मूळ कारण शोधणारे 'याददाश्त' हे मोबाइलवरील साधन योजनेसाठी स्वीकारणेबाबत, व त्या अनुषंगाने इतर.

संदर्भ : १) दुरुस्तीकार श्री. शेख खाजामियाँ यांचे नाव मान्यताप्राप्त यादीतून कमी केल्याचा कार्यालयीन आदेश, ऑगस्ट २०२३.
२) मला दिलेले प्रशस्तिपत्र, १ मे २०२५.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, मी या योजनेच्या पंपगृहावर गेली एकोणीस वर्षे पंपचालक आहे. आपण गेल्याच महिन्यात रुजू झालात, म्हणून ओळख सांगतो. पंपगृह तलावाच्या काठावर, चिंचखोरीपासून साडेपाच किलोमीटर आत आहे. शेजारच्या क्वार्टरमध्ये मी राहतो. मंजूर पदे दोन आहेत, भरलेले एक आहे, ते मी. मोबाइलला रेंज फक्त व्हॉल्व्हच्या ओट्यावर उभे राहिले तर येते. आपल्या आधीचे साहेब एकदाच आले होते. गाडीची काच खाली करून त्यांनी 'सगळं ठीक आहे ना?' असे विचारले. ठीक आहे असे मी सांगितले आणि ते गेले.

२. 'याददाश्त' हे साधन कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालते. कु. शाहीन शेख या मुलीने ते तयार केले आहे. ती छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. नोंदवहीच्या पानांचे फोटो काढून द्यायचे, किंवा तोंडाने सांगायचे. ते साधन सगळे लक्षात ठेवते, एका बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध लावते आणि मूळ कारण सापडेपर्यंत 'असे का झाले?' म्हणून विचारत राहते. उत्तर दिले की त्या उत्तराचे कारण विचारते. चिडत नाही, घाईत नसते. आपल्या योजनेत साहेब बदलतात, कंत्राटदार बदलतात, पंप मात्र तोच राहतो. त्याला मागे काय काय झाले होते, हे कुणाच्याच ध्यानात नसते. म्हणून असे साधन हवे, अशी माझी प्रामाणिक शिफारस आहे.

३. साधनाची गरज का, हे सांगताना आमच्या नोंदवहीविषयी लिहिणे भाग आहे. बिघाड नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना असतो. माझ्या आधीचे पंपचालक विठ्ठलराव यांनी मला चार्ज देताना पहिल्याच दिवशी शिकवले, "कारण असं लिवायचं की ज्याला खुलासा लागत न्हाई. वोल्टेज लिव. वोल्टेज आपल्या हातात नसतंय." त्याप्रमाणे मी आजवर प्रत्येक बिघाडापुढे 'कमी व्होल्टेज' असेच लिहिले. बेअरिंग गेले तरी व्होल्टेज. पाइपात खेकडा अडकला तरी व्होल्टेज. जिल्ह्यातले बहुतेक पंपचालक असेच करत असावेत, पण मी फक्त माझ्यापुरते बोलतो.

४. गेल्या महिन्यात शाहीन पंपगृहावर आली. कॉलेजात दाखवायला तिला खऱ्या नोंदी हव्या होत्या. ती श्री. खाजामियाँ यांची मुलगी आहे, म्हणजे संदर्भ क्र. १ मधील दुरुस्तीकाराची. लहानपणी वडिलांच्या मोटारसायकलवर पुढे बसून इथे यायची, मला चाचा म्हणते. वडिलांचे काम आमच्याकडून गेले, तरी ती आली आणि पूर्वीसारखीच बोलली. मी तिला चहा केला आणि बिघाड नोंदवही दिली. जानेवारी २०१९ ते जुलै २०२३ या काळाची सगळी पाने तिने फोनला दाखवली. त्यात सत्तावन्न बिघाड होते. त्यानंतरची आजवरची पानेही दाखवली.

५. साधनाने सांगितले की, कारणाच्या रकान्यात सर्वत्र एकच शब्द असल्याने तो विश्वासार्ह वाटत नाही. इथवर साधन अगदी बरोबर होते. पुढे त्याने सांगितले की, सर्व दुरुस्त्या एकाच व्यक्तीने केलेल्या असून प्रत्येक दुरुस्तीनंतर साधारण महिनाभरात पुन्हा बिघाड होतो. ती व्यक्ती थांबल्यानंतरच्या तेवीस महिन्यांत मात्र बिघाड फक्त आठ आहेत. सबब संभाव्य मूळ कारण : दुरुस्तीकार शेख खाजामियाँ यांचे निकृष्ट काम. ऑगस्ट २०२३ च्या आदेशातही हेच लिहिले होते.

६. शाहीनने ते दोनदा वाचले. फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "त्याला जे दिलं त्याच्यातूनच बोलतंय ते, चाचा. त्याचा कसूर न्हाई." चहा अर्धा टाकून ती शेवटची गाडी गाठायला निघाली. साधन माझ्या फोनवर टाकून गेली होती, तेवढे राहिले. तिचा तो चेहरा मला रोज दिसतो, साहेब. स्वतः बनवलेल्या वस्तूने स्वतःच्या बापाला दोषी ठरवलेले तिने पाहिले, आणि नोंदवही मी दिली होती.

७. नंतर तीन दिवस मी साधनाला दुसरे काही सापडते का ते पाहत होतो. मला वाटले, दुसरी एखादी वही दिली तर खाजामियाँ सुटतील आणि मलाही काही सांगावे लागणार नाही. म्हणून रोजची लॉगबुके दिली. त्यांत सातही गावांच्या टाक्यांची पातळी असते. साधनाने थोडा वेळ घेतला आणि विचारले : 'सत्तावन्नपैकी चौतीस बिघाडांच्या वेळी सातही टाक्या पूर्ण भरलेल्या आहेत. हा पंप टाक्या भरल्यानंतरच का बिघडतो?'

८. एकोणीस वर्षांत मला कार्यालयाने इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी ओट्यावर उभा होतो. उत्तर दिले.

९. ते चौतीस बिघाड मी केले आहेत. पंपाच्या दांड्याभोवतीचे पाणी अडवणाऱ्या ग्लँडचे नट पान्ह्याने दोन-दोन आटे सैल करायचे, म्हणजे पाण्याची धार उडते आणि दुरुस्तीकाराला बोलवावे लागते. कधी मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचा रबरी बुश काढून ठेवला. लोकांचे पाणी तुटू नये म्हणून आधी सगळ्या टाक्या भरून घेत असे. एप्रिल २०२१ मध्ये भरलेली टाकी किती पुरेल याचा माझा अंदाज चुकला आणि शेवटच्या गावाला दीड दिवस पाणी गेले नाही. तिथल्या बायाबापड्यांनी उन्हात लांबून पाणी आणले. त्याची जबाबदारी माझी आहे, व्होल्टेजची नाही.

१०. साधनाने विचारले, 'बिघाड मुद्दाम का केला?' खाजामियाँ यावेत म्हणून. 'ते का यावेत?' कारण दुसरे कुणी येत नव्हते. 'दुसरे कुणी का येत नव्हते?' माझी पत्नी वनमाला २०१८ च्या दिवाळीनंतर वारली. मुलगी तिच्या घरी पुण्याला आहे, फोन करते, पण रेंज नसते. दुसऱ्या पंपचालकाचे पद २०१४ पासून रिक्त आहे. वनमाला गेल्यानंतर जानेवारीत बेअरिंग खरोखरच गेले, तेव्हा खाजामियाँ दोन दिवस राहिले. आम्ही पिठलं-भाकरी केली. त्यांनी कांदा इतका जाड चिरला की मी हसलो, आणि हसल्यावर मला कळले की बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो. ते गेले. पुढचे सव्वीस दिवस माझ्याशी एकही माणूस बोलला नाही. सत्ताविसाव्या दिवशी मी पान्हा हातात घेतला. मला फार एकटे वाटत होते. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते मला ठाऊक नाही, म्हणून साधे लिहिले.

११. टाळेबंदीच्या वर्षी असे बिघाड सर्वात जास्त आहेत. त्या काळात दुरुस्तीकाराला पास मिळत असे, पाहुण्याला मिळत नसे.

१२. ऑगस्ट २०२३ मध्ये खाजामियाँचे नाव यादीतून काढले. आता कंत्राटदाराची माणसे येतात. अर्ध्या तासात भाग बदलून, फोटो काढून जातात. चहाला थांबत नाहीत, बसा म्हटले तर घड्याळ पाहतात. त्यांच्यासाठी पंप बिघडवण्यात काही अर्थ उरला नाही, म्हणून बिघाड कमी झाले. कार्यालयाने त्यावरून दोन निष्कर्ष काढले. एक, की खाजामियाँचे काम खराब होते. दोन, की मी कर्तव्यदक्ष आहे. यंदा १ मे रोजी झेंडावंदनानंतर मला शाल, नारळ आणि 'बिघाड कमी केल्याबद्दल' असे प्रशस्तिपत्र दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते घेतले. मला स्वतःची लाज वाटते.

१३. एक बाब नोंदवणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय हा अर्ज खोटा ठरेल. खाजामियाँना हे माहीत होते. चौदा-पंधराव्या वेळची गोष्ट असेल. ते ग्लँडपाशी वाकले. नटावर पान्ह्याचे ताजे चकचकीत ओरखडे होते. गंजलेला नट आपोआप सैल होत नाही, हे त्यांच्यासारख्या कारागिराला मी सांगायला नको. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खिशातून फडके काढून ते ओरखडे ग्रीस लावून पुसले आणि म्हणाले, "चाय टाक बे बद्री. ह्याला लई येळ लागन." काम दहा मिनिटांचे होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यानंतरही मी वीसेक वेळा बोलावले, आणि ते प्रत्येक वेळी आले. प्रत्येक वेळी वेळ लागेल म्हणाले.

१४. आदेशाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात 'दुरुस्तीकाराने खुलाशात, मला काही म्हणायचे नाही, असे लेखी दिले' असे वाक्य आहे. ते मी त्याच दिवशी वाचले होते आणि गप्प बसलो होतो. एक ओळ लिहून ते सुटले असते. साधनाने मला शेवटचे विचारले की, त्यांनी खरे का सांगितले नाही? या प्रश्नाचे उत्तर मी साधनाला दिलेले नाही. मला माहीत आहे, पण तोंडातून निघत नाही. खुलाशात त्यांनी खरे लिहिले असते, तर त्यांचे काम वाचले असते आणि माझी नोकरी गेली असती.

१५. सध्या ते वडवणीला बसस्थानकासमोर हातगाडीवर फळे विकतात. नुसत्या आवाजावरून कोणते बेअरिंग जाणार ते सांगणारा माणूस आता केळी मांडून बसलेला असतो. आमच्या आदेशामुळे इतर योजनांनीही त्यांना बोलावणे बंद केले. दोन वर्षांत मी वडवणीला अनेकदा आलो. दर वेळी एक थांबा आधी उतरलो आणि मागच्या गल्लीने कार्यालयात आलो.

सबब नम्र विनंती की :

(अ) 'याददाश्त' हे साधन योजनेने स्वीकारावे. त्याने आधी चुकीचे उत्तर दिले, ते मी लिहिलेल्या खोट्या नोंदींमुळे. खरे दिल्यावर त्याने खरे शोधले. शाहीनची मेहनत यामुळे नाकारू नये. तिला यातले अद्याप काही माहीत नाही.

(ब) पंपचालकाने खरे कारण लिहिल्यास त्याच्यावर लगेच खुलाशाची नोटीस काढू नये, असे परिपत्रक काढावे. नाहीतर साधन कितीही हुशार आणले तरी ते व्होल्टेजच वाचेल.

(क) श्री. शेख खाजामियाँ यांचे नाव मान्यताप्राप्त यादीत परत घ्यावे, आधीचा आदेश चुकीचा होता असे स्पष्ट शब्दांत लिहावे, आणि त्याची प्रत जिथे जिथे पहिला आदेश गेला तिथे तिथे पाठवावी. बाकी सगळ्या विनंत्या फेटाळल्या तरी चालेल, ही मान्य करावी.

(ड) माझ्यावर नियमानुसार कारवाई करावी. माझा खुलासा हाच समजावा.

(इ) साधनाने काढलेले मूळ कारण 'दुसरे पद रिक्त' असे आहे. ते मी माझ्या बचावासाठी मांडत नाही. दुसरे पद रिक्त असले म्हणून सगळेच पंपचालक पान्हा हातात घेत नाहीत. तरी माझ्या जागी जो येईल त्याला एकटे ठेवू नये. दोन माणसे द्यावीत. त्यांचे आपसात पटले नाही तरी चालेल, भांडायला तरी कुणी असावे.

(फ) उद्या मंगळवार, दि. १५ जुलै रोजी मला एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी. अर्जाच्या नमुन्यात रजेचे कारण लिहावे लागते. आजवर मी तिथे 'घरगुती काम' लिहीत आलो. उद्याचे कारण : मित्राची माफी मागणे. रजा नामंजूर झाली तरी मी जाणार आहे.

आपला नम्र आणि कसूरवार,

(सही)
बद्रीनाथ आसाराम तिडके
पंपचालक, चिंचखोरी पंपगृह

सोबत :
१) बिघाड नोंदवहीतील सत्तावन्न नोंदींच्या छायाप्रती. मी केलेल्या चौतीस बिघाडांपुढे लाल पेनाने खूण केली आहे.
२) 'याददाश्त' साधनाने विचारलेले प्रश्न व माझी उत्तरे, पाने अकरा. शेवटच्या प्रश्नापुढील जागा कोरी आहे.
३) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, परत. शालही परत करत आहे. नारळ खाल्ला.

प्रत :
श्री. शेख खाजामियाँ, फळविक्रेते, बसस्थानकासमोर, वडवणी यांना, समक्ष.