शेंदराचं टोक

बाबा, आज मी तुमची गाळाची एक नळी चिरली. ओडिशाच्या किनाऱ्यावर गाळात उभ्या ठोकून तुम्ही भरून आणलेल्या नळ्या रायपूरच्या आपल्या ऑफिसच्या गोदामात अजून तशाच आडव्या ठेवल्या आहेत, आणि तुम्ही गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. तिकडच्या एका गावात वादळात लोकांना आसरा म्हणून इमारत बांधायची आहे. पाया किती खोल घ्यायचा ते तुमच्या नकाशावरून ठरलं: वर मऊ चिखल, खाली घट्ट वाळू, म्हणजे चिखल काढून वाळूवर पाया. एकदा खात्री करावी म्हणून मी तिथली नळी उभी चिरली. तुमच्या वेळी ही सोय नव्हती, तुम्ही नळीला मधेमधे भोकं पाडून गाळ पाहत होते. उघडली तर चिखलात गवताची जुनी मुळं होती. वाळूकडे जाड, आणि वरच्या टोकाकडे केसासारखी बारीक. गवताची मुळं काय आभाळाकडे वाढतात?

मला आपलं चौबे कॉलोनीतलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही नळीचा एक तुकडा ओट्यावर ठेवला आहे, आई कुरकुर करून राहिली आहे, आणि मी खेळता खेळता तो उलटा उभा करते. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हते, त्या दिवशी चढवला. "ए पोट्टी, काय करून राहिली? त्याचं डोकं खाली केलं तू. जमीनच उलटी केली तं मंग राहिलं काय?" आई म्हणाली, "मातीसाठी पोरीवर काहून ओरडता?" मग तुम्ही मला जवळ बसवून समजावलं. खाऱ्या पाण्यात शाई टिकत नाही, म्हणून नळी गाळातून निघाली की उभी असतानाच वरच्या टोकाला तेलातल्या शेंदराचा अंगठा उमटवायचा. शेंदूर दिसला की ते डोकं. हेच मी आजवर सगळ्यांना शिकवत आले.

शेंदूर या नळीलाही होता, पण अंगठा नव्हता. टोपण काढून धूळ फुंकली, तर अर्धं घासलेलं स्वस्तिक. स्वस्तिक तुम्ही फक्त दसऱ्याला काढत होते, ऑफिसच्या अंगणात, यंत्रांवर, फावड्यांवर, रिकाम्या नळ्यांवरसुद्धा. गाळात ठोकताना पूजेचं टोक खाली गेलं असणार, मऊ चिखलात शेंदूर टिकला, उभ्या नळीला अंगठा उमटवायचा राहिला, आणि नळी होडीत आडवी झाल्यावर तो शेंदूर पाहून तुम्ही समजले, डोकं हेच. तुम्ही, बाबा. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. खरं म्हणजे वाळू वर आहे आणि चिखल खाली. चांगली वाळू खणून फेकली असती, पाया चिखलावर बसला असता, आणि वादळात सारं गाव पोराबाळांसकट तिथे भरवशाने बसलं असतं. मला तुमचा राग येऊन राहिला आहे, आणि रडूही.

तेवढ्यात माझी सहकारी आत आली. नळीकडे पाहून म्हणाली, "दीदी, ये तो उल्टी है ना?"

"हव," मी म्हटलं. "बाबांची चूक आहे."

तिच्यासमोरच बांधकामवाल्यांना फोन करून पायाचं काम थांबवायला सांगितलं. नकाशा कोणी केला, असं त्यांनी विचारलं, आणि मी तुमचं नाव घेतलं. सगळ्यांना वाटतं मी फार सरळपणे वागले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून तुम्हाला सांगते. ती आत आली तेव्हा माझ्या हातात ओला फडका होता, आणि ते स्वस्तिक पुसायला मी वाकले होते.