लुगड्याखालचं कापड

मंगळवार, फेब्रुवारी १९७१

आज नगरला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाळीतल्या कळा गर्भपिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढल्यानं असतील म्हणाल्या, आणि खाज बुरशीची. दोन्हीचं मूळ एकच का, मी विचारलं. "ते मलाही नक्की सांगता येत नाही. पाळीचं कापड उन्हात वाळवता ना?" गोठ्यामागं जुन्या लुगड्याखाली वाळतं ते. वाळतं कसलं, दमटच राहतं.

दुपारी घरी आल्यावर दोरीवर उन्हात टाकलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. "गडी मानसं हायेत घरात," एवढंच म्हणाल्या आणि तेच लुगडं आणून वरून पसरलं. मला राग यायला हवा होता ना? काहीच आलं नाही. कापडाचं एक टोक बाहेर दिसत होतं. मीच उठून झाकलं.