शेवंताच्या लग्नाची कॅसेट

मस्कत, जून १९९६

सौ. बयनास धोंडीबाचा आशीर्वाद.

मी इथं खुशाल हाये. जेवण बरं हाये, काळजी करू नको. गाईचा पाय बरा झाला का?

शेवंताच्या लग्नाची कॅसेट पोचली. पण आमच्या खोलीत व्हीसीआर नाही. समद्यांनी मिळून एकच वस्तू घ्यायची होती. मी व्हीसीआर म्हणलो. बाकीचे करीमनगरकडचे, त्यायला तेलुगू पिक्चर पाह्यजे होते, त्यायनं डिश घेतली. माझ्या एकट्याचं कोण ऐकते? आता रोज त्यायच्यासंगं डिश पाहून राह्यलो अन् लेकीचं लग्न उशाखाली पडून हाये.

एक टीव्हीचा दुकानदार त्याच्या दुकानात कॅसेट लावून देतो म्हणते. पण परक्या गिऱ्हाइकांत उभं राहून लेकीची पाठवणी कशी पाहू? नाही जमत मला.

कन्यादानाला दादा-वहिनी बसले, बरं झालं. पण तिथं जोडीच लागते, म्हणून मी नाही तर तुलाही बसता आलं नाही. तवा तू मांडवात कुठं उभी होतीस, तेवढं लिहून धाड. कॅसेट कवाही लागो, मी आधी तिथं पाहीन.

तुझा,
धोंडीबा